खांड

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रसायनांच्या दोन गोदामांमागे
आमची एक खोली आहे, जिला बाहेरचं काही ऐकू येत नाही.
भिंतींना निळे फोमचे सुळके, दार तिजोरीसारखं,
आत पाऊल टाकलं की फोनच्या दांड्या एकेक करून मावळतात.
मढवी डबा तिथंच खातात.
"इथं घरून फोन येत नाय," म्हणतात, आणि सुकटीचा वास
सुळक्यांत मुरतो. लहरी गिळणारा फोम मिळतो,
सुकट गिळणारा अजून कुणी बनवलेला नाही.

परवा एक पेटी आली. लिफ्टचं डोकं.
घोडबंदर रोडचा टॉवर, सत्ताविसावा मजला.
वॉचमन वॉकीटॉकीवर "टँकर आला" म्हणाला
की लिफ्ट जागच्या जागी थांबते,
कुणी नसताना दार उघडते,
मिटते, पुन्हा उघडते.
सोसायटीने आधी पूजा घातली, मग कंपनीला पत्र.

पंचेचाळीस बाय पंचावन्न, दीड मिलिमीटरचा पत्रा,
झाकणाखाली फट: लांबी अठरा सेंटिमीटर, उंची नखाएवढी.
मापं मी न्यूरल नेटवर्कला दिली.
घरी मी त्याला जाळं म्हणते.
"कोळ्याचं?" आईने विचारलं होतं,
"भिंतीवरच्या की खाडीतल्या?"

चाळीस हजार पेट्या पाहिल्यात त्याने, एकही खरी नाही.
संगणकात कापलेल्या, संगणकातच वाजवलेल्या,
रंगाचा ओघळ नाही, एक स्क्रू वाकडा नाही.
एका पेटीचं गणित सोडवायला सर्व्हरला रात्र लागायची.
याने पापणी लवायच्या आत सांगितलं:
चारशे तीस मेगाहर्ट्झ.
तिथं ही घुमेल, रिकाम्या पिंपात हाक मारावी तशी.

मढवींनी आकडा वाचला. डबा धुऊन आले.
झाकणाच्या कडेवरून ओला अंगठा फिरवला.

त्यांचे वडील घणसोलीच्या खाजणाचा बांध राखायचे.
उधाणाच्या आदल्या दिवशी अनवाणी चालायचे त्यावरून,
चिंबोरीच्या बिळांवर टाच दाबत दाबत.
खांड कुठं पडणार, ते टाचेला आधी कळायचं.
"धा गोल भोकं परवडली," मढवी म्हणतात, "एक लांब चीर नको."
माझ्या पुस्तकात याला तीन पानं लागली आहेत.

अँटेना लावला. बाहेर आलो. दार दाबलं.
दोनशे. तीनशे. तीनशे नव्वद.
आलेख ओहोटीच्या चिखलासारखा सपाट.
चारशे बाराला उसळला.
चारशे तीसला काहीच नाही, एक बुडबुडा.

चार टक्क्यांची चूक. मीटिंगमध्ये मी याला उत्तम म्हणाले असते.
वॉचमन चारशे बारावरच बोलतो.

"रिकाम्या पेटीवर शिकवलंस गो त्याला,"
मढवींनी झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मर, रिलेंची रांग,
वायरींचा झुबका, घाईत कोंबलेला.
"उपाशी मानूस आन जेवलेला मानूस
एका सुरात ढेकर देतात काय?"

मी हसले, मग हसू थांबलं.

आता शनिवारी आम्ही पेट्यांची पोटं भरतो.
ते झुबके बांधतात, मी आकडे टाकते.
तक्त्यात एक नवा रकाना आहे, नाव "पोट".
दोनशे सोळा झाल्यात. जाळं सुधारतंय,
पण नेमकं काय शिकलं, ते त्यालाही सांगता येत नाही.
मढवींनाही येत नाही. आधी तळव्यावर आकडा लिहितात,
मूठ मिटतात, मग मशीन चालू करायला सांगतात.
आजवर जाळं एकोणचाळीस वेळा जवळ गेलं,
मूठ चव्वेचाळीस वेळा. बाकीचं दोघांचंही चुकलं.

लिफ्टच्या पेटीला तांब्याची पट्टी बसली, कडेचा रंग खरवडला.
टॉवरमधून तक्रार आली नाही. पूजेचंच फळ म्हणे.

नोव्हेंबरात मढवी निवृत्त होतील.
त्या बांधावर आता सेक्टर आहे, बँक आहे, जिम आहे.
काल ते नसताना एक नवी पेटी आली.
जाळ्याला विचारण्याआधी मी कुणी बघत नाही असं पाहून
झाकणाच्या कडेवर अंगठा फिरवला.
गार पत्रा. थोडी धूळ.
बाकी काही नाही.